पाकिटावरची तारीख आणि आपला डबा

मैत्रिणींनो, वाण्याकडून सामान आलं की आपण काय करतो? पिशवी कापली, रवा डब्यात ओतला आणि पिशवी केराच्या टोपलीत! तिच्याबरोबर तारीखही गेली. मग दोन महिन्यांनी डबा नाकाशी धरून "हा चांगला आहे का गं?" असं साऱ्या घराला विचारायचं. सासूबाई म्हणतात, "काही झालेलं नाही, चाळून घे." कॉलेजात जाणारी लेक म्हणते, "आई, टाकून दे." दोघींपैकी कुणाचं ऐकायचं हे ठरवायला ती बारीक अक्षरं आधी समजायला हवीत.

'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, वास, कुरकुरीतपणा उत्तम राहील. तो दिवस उलटला म्हणून पदार्थाचं विष होत नाही. फार तर बिस्किटं मऊ पडतील, मसाल्याचा वास उतरेल. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' ही मात्र सुरक्षिततेची रेघ. तिच्यापुढे तो पदार्थ खाऊ नये आणि दुकानदाराने विकूही नये. पूर्वी कित्येक पाकिटांवर नुसतंच 'बेस्ट बिफोर' असे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' छापणं सक्तीचं केलं. 'बेस्ट बिफोर' उत्पादकाच्या मर्जीवर ठेवलं.

ही तारीख सापडणं हाही एक उद्योगच असतो! मी आठवीच्या मुलींना घरून रिकामी पाकिटं आणायला सांगितली होती. अर्धा तास शोधण्यातच गेला. कुठे शिवणीवर, कुठे बाटलीच्या मानेवर, तर कुठे 'तारखेसाठी तळ पाहा' आणि तळाशी पुसट शाई. तेव्हा दुकानातच पाकीट उलटंपालटं करून बघायला लाजू नका. 'एकावर एक फुकट' असेल तिथे तर किमतीआधी तारीख बघावी.

आता खरी मेख ऐका. ती तारीख असते न उघडलेल्या पाकिटाची, तीही सांगितल्याप्रमाणे ठेवलं असेल तर. खोक्यातलं टेट्रापॅक दूध फार मोठ्या उष्णतेवर तापवून निर्जंतुक खोक्यात भरलेलं असतं, म्हणून ते फ्रीजबाहेर महिनोन्‌महिने टिकतं. पण एकदा टोक कापलं की ते आपल्या पिशवीच्या दुधासारखंच. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं, मग खोक्यावर चार महिन्यांनंतरची तारीख का असेना. सॉस, जाम यांच्यावरही 'उघडल्यानंतर' अशी एक ओळ असते, ती जरूर वाचावी. आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीत काटकसर बिलकूल नको. डबा महागाचा असला तरी तारीख उलटली की टाकायचा.

"मला वासावरून कळतं," असं आपल्यापैकी पुष्कळजणी म्हणतात. नासलेलं दूध, खवट दाणे, आंबलेली आमटी नाकाला कळते हे खरंच आहे. पण आजारी पाडणारे काही जंतू वास-रंग जराही न बदलता वाढतात. नाक 'नको' म्हणालं तर ऐकावं. 'चालेल' म्हणालं तर तेवढ्यावर विसंबू नये. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांचा कूट तर करूच नये. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक असतं आणि दाणे भाजून पुरतं जात नाही. ब्रेडच्या बुरशीचे तंतू आतवर गेलेले असतात, तेव्हा हिरवा तुकडा काढून भागत नाही. फुगलेला पत्र्याचा डबा न उघडताच टाकावा.

मग त्या रव्याचं काय? 'बेस्ट बिफोर' उलटलंय, पण 'एक्स्पायरी' यायची आहे, किडे नाहीत, कुबट वास नाही, तर सासूबाईंचं ऐकावं आणि खुशाल उपमा करावा. जाळी धरली असेल तर लेकीचं. पण त्यासाठी तारीख हाताशी हवी ना! पिशवीची तारखेची पट्टी कापून डब्याला बाहेरून चिकटवावी. जुन्या रव्यावर नवा ओतू नये; तळचा तसाच राहतो आणि त्यातली कीड वरच्यालाही लागते.

ज्याच्यावर तारीखच नसते तो शिळा भात राहिलाच. तांदळातल्या काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की ती वाढून असं विष तयार करतात, की ते फोडणीच्या आचेनेही जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊ नये. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा, दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफाळेपर्यंत परतावा.