तिथि पाहून समुद्रावर जावें

पुणें हें घाटावरचें शहर खरें. पण येथील पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव घाटाखालीं, समुद्राच्या कांठीं आहे. ज्या बाळाजी विश्वनाथांना १७१३ सालीं पेशवेपद मिळालें, ते मूळचे श्रीवर्धनचे. आणि तेथून जवळच असलेला हरिहरेश्वर हें त्या घराण्याचें कुलदैवत. एके काळीं ज्या प्रवासास मुक्काम करीत जावें लागे, तो आतां ताम्हिणी घाटानें, मुळशी व माणगांव यांवरून मोटारीनें सुमारें पांच तासांत होतो. पहाटे पांचास निघावें, समुद्र पाहावा व रात्रीं घरीं परतावें, ही गोष्ट सहज शक्य झाली आहे.

मात्र घाट उतरणें सोपें झालें, तसा समुद्राचा परिचय तुटत गेला, असें आम्हांस वाटतें. सहलीचा दिवस ठरवितांना आपण रविवार पाहतों, मुलांची सुटी पाहतों, मोटार मोकळी आहे कीं नाहीं तें पाहतों. पण त्या दिवशीं भरती केव्हां आहे, हें कोणी पाहत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी मुरूडच्या समुद्रांत बुडाले. तीं मुलें आपल्यासारख्याच घरांतलीं होतीं. तेव्हां या विषयाकडे केवळ करमणूक म्हणून पाहून चालणार नाहीं.

कोंकणांत भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो, आणि त्याला लागणारें पंचांग आपल्या प्रत्येकाच्या घरीं आहे. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल, त्या वाजतां पूर्ण भरती. पंचमीची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारास एकदां व दुपारीं पावणेचारास पुन्हां भरती, आणि त्या दोहोंच्या मध्यें, सकाळीं दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पूर्णिमा व अमावास्या या दिवशीं भरती बाराच्या सुमारास येते. चंद्र रोज सुमारें पाऊण तासानें उशिरा उगवतो, व समुद्राचें पाणी त्याच्याच ओढीनें चढतें, म्हणून हा हिशेब जुळतो. तो स्थूल आहे. अर्धा-पाऊण तास मागेंपुढें होतो. यास्तव छापील किंवा मोबाइलवरचें वेळापत्रकही ताडून पाहावें.

या हिशेबाची खरी गरज कळते ती हरिहरेश्वरीं. प्रथम कालभैरवाचें, मग हरिहरेश्वराचें व पुन्हां कालभैरवाचें दर्शन घेण्याची तेथें चाल आहे. प्रदक्षिणेचा मार्ग देवळामागून टेकडीवर चढतो, पायऱ्यांनीं एका अरुंद खिंडींतून थेट समुद्राकडे उतरतो आणि लाटांनीं कोरलेल्या खडकांवरून टेकडीला वळसा घालून परत येतो. ओहोटीच्या वेळीं ही वाट मोकळी असते. भरतींत तिच्यावर लाटा फुटतात. पूर्णिमेस देवदर्शन घडावें म्हणून आलेलें कुटुंब दुपारीं बारास त्या पायऱ्या उतरूं लागलें, तर तें ऐन उधाणाच्या तोंडीं जाईल. अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी असतें. तें फारसें चढत नाहीं, पण फारसें उतरतही नाहीं.

तेव्हां एका दिवसांत परतणारांस पंचमी किंवा षष्ठी उत्तम. दहाच्या सुमारास पोहोंचावें, दर्शन आटोपतें घ्यावें व पाणी चढूं लागण्यापूर्वीं प्रदक्षिणा पुरी करावी. पंचमीस पोहोंचण्यास उशीर झाला, तर प्रदक्षिणा सोडून द्यावी. देवाचा त्यांत राग नाहीं. त्रयोदशीस ओहोटी दुपारीं चारच्या सुमारास असते. पण मग परतीचा घाट अंधारांत चढावा लागतो. खडकांवर शेवाळ असतें, म्हणून वृद्धांनीं देवळांतच बसावें आणि मुलांचा हात मोठ्यांनीं सोडूं नये. पुळणीवर गुडघ्यापलीकडे पाण्यांत जाऊं नये, व गांवकरी नको म्हणतील तेथें पाऊलही टाकूं नये. पावसाळ्याचे चार महिने तर समुद्र दुरूनच पाहावा.

जेवणाची चिंता नको. आगाऊ कळविल्यास तेथील घरगुती खानावळींत उकडीचे मोदक व सोलकढी मिळते. परततांना श्रीवर्धनची रोठा सुपारी अवश्य घ्यावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत तेथील सुपारीच्या बागाच्या बागा मोडून पडल्या. सुपारीचें नवें झाड फळास येण्यास कित्येक वर्षें लागतात. तेव्हां आपण दिलेले चार पैसे बागाइतदारास आधारच होतील.

आमची गृहिणींस एकच विनंति आहे. सहलीचा बेत निघाला कीं पंचांग मुलांच्या हातीं द्यावें आणि भरतीची वेळ त्यांनाच काढावयास सांगावी. आजोबांनीं तिथि वाचावी, नातवंडांनीं पाऊणपट करावी, आणि मगच दिवस ठरवावा. आपल्या पूर्वजांना घाट चढतांना जें ज्ञान बरोबर आणावें लागलें नाहीं, तें आपण घाट उतरतांना बरोबर नेलेंच पाहिजे.