स्तनांतील गांठ आणि शेतकऱ्याचें घर

गेल्या हंगामांतील एक गोष्ट वाचकांच्या कानीं घालणें आम्हांस आवश्यक वाटतें. आमच्या संघाच्या एका सभासदाच्या घरीं गृहिणीस ज्येष्ठांत, पेरणीच्या धामधुमींत, स्नान करतांना डाव्या स्तनांत हरभऱ्याएवढी गांठ हातास लागली. ती दुखत नव्हती. म्हणून तिनें कोणासही सांगितलें नाहीं. पुढें निंदणी आली, निंदणीमागून कापसाची वेचणी आली. संक्रांत उलटल्यावर सुनेच्या आग्रहानें ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हां गांठ लिंबाएवढी होऊन रोग काखेंतही उतरला होता. त्या बाईस आम्ही दोष देत नाहीं. कपाशीच्या पानावर ठिपका दिसतांच धांवपळ करणाऱ्या आम्हां पुरुषांनीं घरच्या लक्ष्मीच्या प्रकृतीची विचारपूस कधीं केली नाहीं, हा दोष आमचा आहे.

हा रोग म्हणजे काय, तें प्रथम पाहूं. शरीरांतील जुन्या पेशी झिजतात व त्यांच्या जागीं नव्या होतात. हें कार्य नियमानें चालतें. कर्करोगांत कांहीं पेशी हा नियम मोडून बेसुमार वाढतात व त्यांची गांठ बनते. पुढें त्या काखेंत आणि रक्तावाटे हाडें, फुप्फुसें, यकृत येथें जाऊन रुजतात. भारतांतील स्त्रियांत सध्यां हाच कर्करोग सर्वांत अधिक आढळतो. २०२२ सालीं देशांत सुमारें १ लाख ९२ हजार स्त्रियांस तो नव्यानें झाला व सुमारें ९८ हजार स्त्रिया त्यानें दगावल्या, असा अंदाज आहे. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ पासून ग्रामीण भागांतील कर्करोगाची नोंद ठेवली जाते. खेड्यांत या रोगाचें प्रमाण मुंबईपेक्षां कमी आहे, असें त्या नोंदीवरून दिसतें; परंतु तेवढ्यानें निश्चिंत राहतां येत नाहीं. रोग लहान असतां उपचार सोपे व गुण येण्याची आशा मोठी. तो पसरल्यावर दोन्ही गोष्टी उलट होतात.

लक्षणें ध्यानांत ठेवावीं. स्तनांत किंवा काखेंत कठीण गांठ लागणें, त्वचा आंत ओढली जाणें अथवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणें, बोंड आंत वळणें, त्यांतून रक्त येणें, एका स्तनाचा आकार नव्यानें बदलणें, न भरणारी जखम होणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास दवाखाना गांठावा. आरंभींची गांठ बहुधा दुखत नाहीं. ‘दुखत नाहीं, मग काळजी कसली?’ हा समज म्हणूनच घातक ठरतो. तथापि प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. बहुतेक गांठी निरुपद्रवी असतात. कोणती कसली, हें मात्र तपासणीनेंच ठरतें.

तपासणीस मोठें यंत्रच पाहिजे असें नाहीं. मुंबईंतील टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ सालीं ३५ ते ६४ वर्षें वयाच्या सुमारें दीड लाख स्त्रियांवर एक प्रयोग आरंभिला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं हातानें तपासले. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग अगोदरच्या अवस्थेंत सांपडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्यानें होणारे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले. त्याहून लहान वयांत अशी घट दिसली नाहीं. केवळ स्वतःच्या हातानें चांचपून भागतें काय, हें चीनमधील शांघाय येथें अडीच लाखांहून अधिक स्त्रियांत पाहिलें गेलें. २००२ च्या निष्कर्षांत तेवढ्यानें मृत्यु कमी झाले नाहींत. म्हणून आपल्या देहाची ओळख ठेवावी, पण शिकविलेल्या हाताची तपासणी चुकवूं नये. २०१६ च्या शासकीय सूचनांप्रमाणें ३० ते ६५ वर्षें वयाच्या स्त्रियांची ही तपासणी पांच वर्षांतून एकदां व्हावयाची आहे. गांवची आशा कार्यकर्ती किंवा उपकेंद्रांतील परिचारिका यांजकडे चौकशी करावी.

कांहीं भीति निराधार आहेत. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं. रोग्याचें ताट वेगळें करण्याचें कारण नाहीं. तपासणीसाठीं सुई टोंचल्यानें तो पसरतो, हेंही खरें नव्हे. शस्त्रक्रियेंत प्रत्येक वेळीं संपूर्ण स्तन काढावा लागतो असेंही नाहीं. गांठ लहान असल्यास तो पुष्कळदां राखतां येतो. खर्चाची धास्ती खरी आहे. परंतु महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. तिची माहिती अगोदरच घेऊन ठेवावी.

आमची सभासदांस एक सूचना आहे. तपासणीचा दिवस निंदणीच्या वा वेचणीच्या ऐन भरांत ठरला, तर बाया मजुरी बुडवून येणार नाहींत. यास्तव संघानें आरोग्य केंद्राशीं बोलून कामाच्या उसंतीचा दिवस ठरवावा आणि आडोशाची स्वतंत्र खोली द्यावी. ज्यांस पुढील तपासणीस जावें लागेल, त्यांच्या जाण्यायेण्याची सोयही पाहावी. कारण गांठ सांपडूनही पुढें कोणी गेलें नाहीं, तर सारा खटाटोप व्यर्थ होय. घरची गाडी व घरचा पैसा बहुधा पुरुषाच्या हातीं असतो. तेव्हां हा लेख वाचून झाल्यावर तो घरांत वाचून दाखवावा, आणि विचारण्यास लाजूं नये. वेचणी चार दिवस थांबली तरी चालते. गांठ थांबत नाहीं.