भाऊजींचा ट्रॅक्टर आणि वायरींचा गुंता

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून पान उलटू नका! ट्रॅक्टरशी आपला काय संबंध, असे म्हणाल. पण आमच्या कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची कितीतरी कुटुंबे आहेत. घर इथे, शेत साताऱ्याकडे. सुट्टी लागली की आपण गावी आणि मुले थेट ट्रॅक्टरवर!

मागच्या दिवाळीतली गोष्ट. ऊसवाहतुकीचे दिवस जवळ आलेले. भाऊजींनी हौसेने ट्रॅक्टरला दोन जादा दिवे, गाण्यांचा डेक आणि मोबाइलचा चार्जर बसवला होता. संध्याकाळी दिवे लावून दहा मिनिटे झाली नाहीत तोच जळका वास! सीटखालची वायर वितळून धूर निघत होता आणि माझा लेक वर बसलेला. भाऊजींनी बॅटरीची तार उपटली म्हणून निभावले.

"बाराच व्होल्ट तर आहेत वहिनी, शॉकसुद्धा लागत नाही," असे म्हणणारे भाऊजी त्या दिवशी गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी आलेल्या मिस्त्रींनी हिशेब समजावला. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. घरच्या २३० व्होल्टवर त्यांना जेमतेम अर्धा अँपिअर लागतो, पण १२ व्होल्टवर तब्बल ९! व्होल्ट कमी, म्हणून वायर जाड हवी. भाऊजींनी वापरली होती घरातल्या घंटीची बारीक वायर, आणि फ्यूजच्या जागी चांदीचा कागद!

मग मिस्त्रींनी आधी कागदावर आराखडा काढला. आपण ओटा बांधण्यापूर्वी काढतो ना, अगदी तसा. तुम्हीही लक्षात ठेवा:

• कामाला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढायची. जोडताना ती सर्वांत शेवटी.

• प्रत्येक वस्तूला वेगळा फ्यूज. दिव्यांच्या जोडीला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज असतो वायर वाचवायला, म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा. तिथपासून मागचा तुकडा उघडाच राहतो.

• दिव्यांना रिले लावायचा, म्हणजे सगळा भार बटणावर येत नाही.

• पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी बूच हवेच. नाहीतर हादऱ्याने पत्रा वायर कापतो.

• सायलेन्सर, पंखा आणि हलणारे भाग यांपासून वायर दूर. वीतवीत अंतरावर पट्टीने बांधायची, स्टिअरिंगजवळ थोडी सैल ठेवायची.

• पीळ देऊन चिकटपट्टी लावायची नाही, उन्हात ती सुटते. दाबून बसवलेली टोपणे वापरायची. प्रत्येक वायरीवर चिठ्ठी, आपल्या मसाल्याच्या डब्यांवर असते तशी!

ट्रॉलीचे मागचे दिवेही त्यांनी दुरुस्त केले, चकाकणाऱ्या पट्ट्या लावल्या. रात्री उसाने भरलेली बिनदिव्याची ट्रॉली मागच्या दुचाकीवाल्याला दिसतच नाही. डेक नसला तर अडत नाही, पण मागचा दिवा नसला तर कोणाचे तरी घर उजाडते.

मुलांना ट्रॅक्टरवर बसवणे मात्र आम्ही बंदच केले.

तेव्हा यंदा गावी जाल, तेव्हा चहाचा कप हातात देतादेता सहज विचारा, "भाऊजी, फ्यूज कुठे बसवलाय?" ते हसतील, हसू देत. उत्तर मिळेपर्यंत दुसरा कप देऊ नका!