जुनी जीप की नवी थार? सौंसरच्या काळ्या मातीत खरा प्रश्न वेगळाच

सौंसर : दोन दिवस पाऊस झाला की संत्र्याच्या बागेतली काळी माती चाकाला अशी धरते की बैलही थकतात. मग चहाच्या टपरीवर वाद ठरलेला. कोणी म्हणतो जुनी जीपच बरी, कोणी म्हणतो नवी थार घ्या भाऊ. मी स्वतः जुन्या जीपचा शौकीन. तरी सांगतो, जुनं ते सोनं म्हणून डोळे मिटून पैसे देऊ नका.

महिंद्राने भारतात जीपची जोडणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. पुढे १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. या गाड्यांत सगळं काम लोखंडाचं. डिझेल जीपची बॅटरी उतरली तर उतारावर ढकला, गाडी सुरू. पाटा तुटला तर गावातला मिस्त्रीही बदलून देतो. पण एअरबॅग नाही, एबीएस नाही. घाटात ही उणीव लहान नाही.

गाडी फसते कशी?

साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात घसरलं की तेच नुसतं गरगर फिरतं, दुसरं उभंच राहतं. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकंही ओढतात, पण पुढचं एक आणि मागचं एक घसरलं तर तीही फसते. काही नव्या गाड्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे देतात. जुन्या जीपमध्ये हे काम ड्रायव्हरचं : लो गिअर टाका, पाय हलका ठेवा, रेस देऊ नका.

आणि थार म्हणजे फोर बाय फोर असतेच, असं नाही. २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही मिळते. घेताना विचारून घ्या.

नव्या डिझेलची अडचण

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, असते. ती काजळी जाळायला इंजिन चांगलं तापावं लागतं. घर ते बाग असे दोन-तीन किलोमीटरचेच फेरे मारले तर जाळी चोंदते. म्हणून अधूनमधून नागपूर रस्त्यावर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवा. दिवा लागला तर 'पाहू उद्या' म्हणू नका.

जुनी घेत असाल तर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. आपल्याकडे बऱ्याच जीपा महाराष्ट्रातून येतात. एमएच नंबरची गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी आधी हातात घ्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर एमपीचा नंबर घ्यावाच लागतो. कागद नसले तर स्वस्तातली जीपही महागात पडते.

माझं मत विचाराल तर बागेसाठी जुनी जीप, लेकरांना घेऊन घाट चढायचा तर नवी. पण दोन्हीच्या आधी एकच विचारा : बिघडली तर ही सौंसरातच दुरुस्त होईल, की टोचन करून नागपूरला न्यावी लागेल?