कोचने एका टीमकडे किती वर्षं राहावं? आणि तुम्ही एका जागी किती?



मला दोन प्रश्न कायम येतात. पहिला नोकरी करणाऱ्या पोरांचा. "सर, शेठकडे सहा वर्षं झाली. अजून किती थांबू? स्वतःचं कधी टाकू?" दुसरा दुकानदारांचा. "सर, माणूस शिकवून तयार केला की दोन वर्षांत निघून जातो. त्याला धरून कसं ठेवायचं?"

दिसायला प्रश्न दोन आहेत, पण मुळात एकच आहे. एका माणसाने एका जागी किती काळ राहावं?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वाद खेळात होतो, कोचवरून. कारण तिथे निकाल दरवर्षी लागतो आणि सगळ्या गावासमोर लागतो. आपल्या दुकानाचा निकाल आपण वहीत झाकून ठेवू शकतो, कोचला ती सोय नाही. म्हणून आज धंद्याची गोष्ट आपण खेळातून समजून घेऊ.

पंडित सर: तीन टीम, सहा रणजी

चंद्रकांत पंडित हे नाव क्रिकेट बघणाऱ्यांना माहीत आहे. मुंबईचे विकेटकीपर, भारताकडून खेळले, नंतर कोच झाले. कोच म्हणून त्यांच्या नावावर सहा रणजी करंडक आहेत, आणि ते एका टीमचे नाहीत.

मुंबईला त्यांनी २००२-०३ आणि २००३-०४ असे लागोपाठ दोन करंडक दिले. मग २०१५-१६ मध्ये पुन्हा एक. पुढच्या वर्षी मुंबई फायनलला गेली, पण इंदूरला गुजरातकडून हरली. त्यानंतर मुंबईने नवा कोच नेमला आणि पंडित विदर्भाकडे गेले.

विदर्भाने तोपर्यंत एकदाही रणजी जिंकलेली नव्हती. पंडितांच्या पहिल्याच मोसमात, २०१७-१८ ला, विदर्भाने दिल्लीला नऊ विकेटने हरवून करंडक उचलला. पुढच्या वर्षी नागपूरला सौराष्ट्राला हरवून पुन्हा उचलला. लोक म्हणाले असतील, आता हा माणूस दहा वर्षं इथून हलायचा नाही. पण तीन मोसम झाले आणि २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशकडे गेले.

कोरोनामुळे २०२०-२१ ची रणजी झालीच नाही. म्हणजे मध्य प्रदेशबरोबर त्यांचा पहिला रणजी मोसम २०२१-२२ चा. जून २०२२ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईलाच हरवून पहिला रणजी करंडक जिंकला. याच मैदानावर १९९८-९९ ची फायनल मध्य प्रदेश कर्नाटककडून हरला होता, आणि तेव्हा कॅप्टन स्वतः पंडित होते.

यातून "दर तीन वर्षांनी जागा बदला" असा धडा काढू नका. घाई होईल. आधी विदर्भाचं पुढे काय झालं ते बघा.

कोच गेला, टीम बसली नाही

पंडित गेल्यावर विदर्भ खाली बसला का? नाही. २०२३-२४ ला विदर्भ पुन्हा फायनलला पोचला, तिथे मुंबईकडून हरला. २०२४-२५ ला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक जिंकला. त्या वेळी कोच होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले, घरचेच.

हे कसं जमलं? विदर्भ क्रिकेट असोसिएशनची अकादमी पंडित येण्याआधीपासून होती. पोरं तिथून तयार होऊन वर येत होती. पंडितांनी येऊन शिस्त लावली, जिंकायची सवय लावली. ते निघाले तेव्हा शिस्त आणि सवय टीमकडेच राहिली.

माणूस योग्य वेळी गेला की चुकीच्या वेळी, हे तो गेला त्या दिवशी कळत नाही. त्याच्या मागे काय उभं राहिलं त्यावरून कळतं. कोचला हे लागू आहे तसं तुमच्या दुकानातल्या माणसालाही आहे.

गुरू मात्र एकाच मैदानावर

आता गंमत बघा. पंडित हे रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. आचरेकर सर कुठे फिरले? कुठेच नाही. दादरच्या शिवाजी पार्कवर त्यांनी कित्येक दशकं पोरं घडवली. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे तिथलेच. सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली.

शिष्य तीन टीम फिरला, गुरू एका मैदानावर राहिला, आणि दोघंही बरोबर. कारण दोघांचं काम वेगळं आहे. आचरेकरांच्या समोर दर काही वर्षांनी नवी पोरं यायची. सरांचं जुनं वाक्य नव्या पोराला नवंच असायचं. रणजीच्या ड्रेसिंग रूममध्ये तेच खेळाडू वर्षानुवर्षं असतात. कडक शब्द पहिल्या वर्षी अंगावर काटा आणतात, पाचव्या वर्षी एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर.

अमेरिकेतही हेच दिसतं. तिथे कॉलेजच्या फुटबॉलला प्रचंड महत्त्व. लाखभर लोक बसतील अशी काही कॉलेजांची मैदानं आहेत आणि कोचला पगार कोटींत. खेळाडू साधारण चार वर्षं खेळून कॉलेज सोडतो, म्हणजे समोरची बॅच बदलत राहते. म्हणून तिथे कोच लांब टिकू शकतो. निक सेबन हे अलाबामा विद्यापीठात २००७ ला आले. पहिल्या वर्षी सात सामने जिंकले, सहा हरले. तेव्हाच काढलं असतं तर? तिसऱ्या मोसमात ते राष्ट्रीय विजेते झाले. सतरा मोसमांत तिथे सहा विजेतेपदं मिळवली आणि जानेवारी २०२४ मध्ये स्वतःहून निवृत्त झाले.

दुसरं उदाहरण बॉबी बाउडन यांचं. फ्लोरिडा स्टेटमध्ये १९७६ ते २००९, चौतीस मोसम. १९९३ आणि १९९९ ची विजेतेपदं त्यांचीच. पण शेवटच्या काही वर्षांत टीमची ती धार राहिली नाही. २००७ मध्ये जिम्बो फिशर यांचं नाव वारस म्हणून जाहीर झालं. त्यांनी २०१० पासून टीम हातात घेतली आणि २०१३ ला ती पुन्हा विजेती झाली. मोठा माणूससुद्धा जास्त थांबू शकतो. आणि वारस आधी ठरला असेल तर घर मोडत नाही.

आता आपल्या बाजारात या

आपण लासलगावचे लोक. कुठला माल किती ठेवायचा हे आपल्याला शिकवावं लागत नाही. लाल कांदा काढला की बाजार समितीत न्यायचा, तो टिकत नाही. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो. पण तोही चांगल्या भावाच्या आशेने फार धरला की कोंब फुटतात, वजन घटतं, खालचा थर सडतो. माणसाचंही तसंच. आधी कांदा कोणता ते ओळखा, मग किती ठेवायचा ते ठरवा.

ओळखायला तीन प्रश्न.

एक. काम बसवायचं आहे की चालवायचं? नवीन शाखा उभी करणं, विस्कटलेली उधारी मार्गी लावणं, स्टॉकचा हिशोब बसवणं, ही बसवायची कामं. त्यांना दोन-तीन वर्षं पुरतात. रोजचं गिऱ्हाईक सांभाळणं हे चालवायचं काम. तिथे जुना माणूस सोन्यासारखा. चालवणाऱ्याला पंडितांसारखं पळवू नका आणि बसवणाऱ्याला आचरेकरांसारखं बांधू नका.

दोन. समोरचे लोक तुमचं अजून ऐकतात का? तुम्ही सांगितलेली नवीन गोष्ट गेल्या वर्षभरात दुकानात एकदा तरी लागू झाली का? नसेल तर आवाज जुना झाला.

तीन. तुम्ही उद्यापासून पंधरा दिवस आला नाहीत तर काय अडेल? सगळंच अडत असेल, तर तुम्ही काम बसवलेलंच नाही, फक्त स्वतः करत राहिलात.

नोकरी करणाऱ्या मित्रासाठी

वर्षं मोजू नका, सीझन मोजा. एक चांगला आणि एक वाईट सीझन शेठच्या शेजारी बसून बघितल्याशिवाय स्वतःचं टाकू नका. कांद्याच्या खळ्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ज्याने निर्यातबंदीचा फटका जवळून बघितला, माल पडून आहे आणि लोकांचे पैसे द्यायचेत हे बघितलं, त्याला भांडवल म्हणजे काय हे कुठल्याच क्लासमध्ये शिकावं लागणार नाही. तेजीत तर सगळेच व्यापारी हुशार असतात.

आणि निघताना भर सीझनमध्ये निघू नका. तुमच्या जागी एक जण तयार करा, येणी-देणी लिहून द्या, तारीख सांगून निघा. बाजार छोटा आहे. उद्या तुम्हाला होलसेलरकडे उधारीवर माल हवा असेल तेव्हा तो पहिला फोन तुमच्या जुन्या शेठलाच करणार आहे.

दुकानदारासाठी

माणूस जाणारच, हे धरून चाला. जबरदस्तीने धरलेला माणूस दुकानात असतो, पण कामात नसतो. तुम्ही विदर्भासारखी अकादमी तयार ठेवा. प्रत्येक काम दोघांना यायला हवं. रेट, सप्लायरचे नंबर आणि उधारीची यादी एकाच्या डोक्यात नको, वहीत हवी. आणि एका वाईट सीझनवरून माणूस काढू नका. सेबनचं पहिलं वर्ष आठवा.

सगळ्यात अवघड माणूस मात्र गल्ल्यावर बसलेला असतो, तो म्हणजे मालक. कितीतरी दुकानांत सत्तरीचे वडील गल्ला सोडत नाहीत आणि चाळिशीचा मुलगा चहाचे पैसेसुद्धा विचारून देतो. मग एक दिवस वडील दवाखान्यात जातात आणि मुलाला कळतं, की कोणाकडून किती येणं आहे हे आपल्याला माहीतच नाही. दादा, काका, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे. पण वारसाचं नाव घरात मनातल्या मनात ठरवून चालत नाही. ते जाहीर करा, तारीख द्या, आणि त्या तारखेआधी वर्षभर खरेदी त्याला करू द्या. तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा. त्याचा एखादा सौदा चुकेल. तुम्ही शेजारी आहात तोवर चुकलेला बरा.

आजचा होमवर्क

वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा. माझं काम बसवायचं आहे की चालवायचं? ते पूर्ण झालं हे मी कशावरून ओळखणार? आणि माझ्या जागी कोण? तिसऱ्या ओळीत नाव नसेल, तर जायचं की थांबायचं हा विचार सध्या बाजूला ठेवा. आधी ते नाव तयार करायला लागा, उद्या दुकान उघडल्यापासून.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा.