घर बांधताना पाहावे काय?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. म्हण रचणाऱ्याच्या मनात खर्च असेल, दगदग असेल, माणसांची पारख असेल. पण तिच्यातला ‘पाहावे’ हा शब्द आज आपण अगदी शब्दशः घेऊ या. गोंदिया जिल्ह्यात धान विकून हाती पैसा आला, की डिसेंबर-जानेवारीपासून गावोगाव पाये खोदले जातात आणि मृगाच्या आत डोक्यावर स्लॅब व्हावा म्हणून सगळ्यांची धांदल उडते. घरमालक रोज बांधकामावर जातो. सकाळी जातो, संध्याकाळी जातो, विटांच्या ढिगावर बसून चहा घेतो. तो पाहतो खूप. परंतु नेमके काय पाहावे आणि केव्हा पाहावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

जुन्या घराला हा प्रश्न नव्हता. मातीच्या भिंती, लाकडी वासे, वर कवेलू. भिंतीचा पोपडा सुटला की दिसत असे. कवेलू फुटले की पहिल्याच सरीला पाणी चुलीपाशी ठिबकत असे. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, त्या निमित्ताने घराची तपासणी आपोआप होत असे. ते घर आपले दोष लपवीत नव्हते. सिमेंट-लोखंडाच्या घराचे तसे नाही. त्याचे बळ ज्यात असते ते सगळे झाकलेले: पाया मातीखाली, सळाख काँक्रीटच्या पोटात, आणि मालात पाणी किती घातले याची तर कोठे खूणही राहत नाही. चूक आज होते आणि दहा वर्षांनी छताचा पोपडा पडून आतली गंजकी सळाख डोकावू लागते. म्हणून, वाचकहो, रोजच्या दहा फेऱ्या एकवेळ चुकल्या तरी चालतील. पण एखादी गोष्ट कायमची झाकली जाण्याआधीचा जो तास असतो, त्या तासाला हजर राहा.

हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्याने स्वतः घर बांधून घ्यायचे, असा नियम ठेवला गेला. घर निदान २५ चौरस मीटरचे असावे, असेही ठरले. मालकालाच देखरेख सोपवणारा हा नियम मला मनापासून पटतो. पण हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याला जे छायाचित्र घेतात, त्यात जोते वर आले एवढेच दिसते. जोत्याखाली काय आहे ते दिसत नाही. ते पाहणारे डोळे मालकाचेच असावे लागतात.

पहिला तास पायाचा. खड्डे खणून झाले आणि अजून काँक्रीट पडलेले नाही, तेव्हा खाली उतरून माती हातात घ्या. आपल्या शेतकऱ्याला जमिनीची जात सांगावी लागत नाही. सिहार, मोरंड, कन्हार, खरडी, बरडी ही नावे त्याला पाठ आहेत. धानाला चांगली वाटणारी काळी, चिकट कन्हार घराला मात्र वैरीण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया ठेवला तर भिंतही तिच्याबरोबर वरखाली होते. भिंतीला जी तिरपी तड जाते, ती पुष्कळदा इथली असते. भेगा जेथवर पोहोचतात त्याच्याखाली, घट्ट मुरमापर्यंत पाया गेला पाहिजे. काळी माती फारच खोल असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया सुचविला आहे, तो याच कारणाने. आणखी एक: खड्डा चुकून जास्त खोल गेला, तर तो सुट्या मातीने भरून वर पाया घालू देऊ नका. तेवढा भाग हलक्या काँक्रीटनेच भरावा.

विटांबद्दल फार सांगत नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवा, आवाज टणक यावा. छातीच्या उंचीवरून सोडली तर साध्या विटेचे तुकडे होऊ नयेत. शंका असल्यास वीट वाळवून तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा तोला. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमहून जास्त पाणी पीत असेल तर ती परत करावी.

रेतीचे मात्र थोडे थांबून पाहू. ती ब्रासवर विकत घेतली जाते, म्हणजे शंभर घनफुटांवर. आता गंमत अशी, की ओलसर रेती फुगते. दाण्यांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, दाणे दूर सरकतात आणि तीच रेती सव्वापटीपर्यंत जागा व्यापते. म्हणजे ओल्या रेतीचा भरगच्च दिसणारा ब्रास प्रत्यक्षात ऐंशी घनफूटच असू शकतो. पारख सोपी आहे. डब्यात ओली रेती सैल भरा, ती बुडेल इतके पाणी घाला आणि हलवा. रेती जितकी खाली बसली तितकी हवा तुम्ही विकत घेतली होती. माती किती आहे ते पाहायचे तर काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवा व काही तास तसेच ठेवा. रेतीवर मातीचा जो थर बसेल, तो रेतीच्या उंचीच्या बाराव्या हिश्श्याहून जाड नसावा.

दुसरा तास सळाखीचा. सेंट्रिंग झाले, लोखंड बांधले, उद्या स्लॅब आहे. आज सायंकाळी मिस्त्रीला सोबत घेऊन वर चढा. सळाख थेट फळ्यांना टेकलेली असेल तर ती काँक्रीटमध्ये नीट झाकली जाणार नाही आणि गंजेल. स्लॅबमध्ये तिच्याखाली दोन सेंटिमीटर, कॉलममध्ये बाहेरच्या बाजूने चार आणि पायात पाच सेंटिमीटर काँक्रीट हवे. त्यासाठी सिमेंटचे छोटे ठोकळे आधी पाडून ठेवतात. विटेचा तुकडा किंवा गिट्टीचा खडा ठोकळ्याचे काम करीत नाही.

मग छज्जाकडे या. हिरवी फांदी खाली ओढून मोडताना साल कोठे आधी ताणली जाते? वरच्या बाजूला. भिंतीतून बाहेर लोंबणाऱ्या छज्जाचेही तसेच. त्याची वरची बाजू ताणली जाते, आणि काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून छज्जाची मुख्य सळाख वरच्या अंगाला पाहिजे. बांधताना ती वर असते. पण काँक्रीट टाकताना मजुरांचे पाय पडून खाली दबते. छज्जा भरभक्कम दिसतो आणि टेकू काढल्याबरोबर खाली येतो. खाली कोण उभे असेल सांगता येत नाही. त्या दिवशी एक माणूस नुसता या सळाखी उचलून धरण्यासाठी ठेवला, तरी मजुरी वाया गेली असे समजू नका.

तिसरा तास काँक्रीट कालवण्याचा. येथे सगळे भांडण पाण्याचे आहे. एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी या नेहमीच्या मिश्रणाला पन्नास किलोच्या एका पोत्यामागे पाणी तीस लिटरपर्यंत, असे भारतीय मानक ४५६ सांगते. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. सिमेंटला स्वतःच्या रासायनिक क्रियेसाठी यातले बारा-तेरा लिटरच लागतात. बाकीचे पाणी माल हलता राहावा म्हणून असते. ते पुढे उडून जाते आणि आपल्या जागी बारीक पोकळ्या सोडते. पातळ माल भरभर पसरतो, मजुराचे हात दुखत नाहीत, म्हणून एखादी बादली जास्त पडते. ती तुमच्या स्लॅबच्या ताकदीतून वजा होते. पाणी मापाच्या बादलीनेच घाला, असे आदल्या दिवशीच ठरवावे. ऐनवेळी मजुरावर ओरडू नये. जे सांगायचे ते मिस्त्रीला सांगावे, आणि तेही ‘भाऊ’ म्हणून. त्याचा हात तुमच्या घरावर फिरायचा आहे. जेवणाच्या सुटीत घट्ट होऊ लागलेला माल पाणी मारून पुन्हा वापरला जात असेल, तर मात्र तेथेच थांबवा.

यानंतर तराई. पुष्कळांना वाटते काँक्रीट ‘सुकते’. सुकत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते; सुकले तर ती क्रियाच थांबते. बाजारातल्या बऱ्याच सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली असते. आपल्या तिरोड्याला तसेच एक मोठे केंद्र आहे. अशा सिमेंटला ताकद सावकाश येते, म्हणून निदान दहा दिवस आणि शक्य तर चौदा दिवस ओल राहिली पाहिजे. नवतप्यात दुपारी एकदा नळी फिरवून ही ओल टिकत नाही. स्लॅबवर मातीची लहान लहान आळी घालून पाणी तुंबवा. धानाची बांधी ज्याने बांधली आहे त्याला हे शिकवायला नको. कॉलमला बारदाना गुंडाळून भिजवीत राहा. राईस मिलच्या गावी बारदान्याला काय तोटा! पहाटे उठून हे पाणी बहुधा घरातली बाईच घालते. तिला या चौदा दिवसांचे कारण समजावून सांगा, आणि स्वयंपाकघराची खिडकी कोठे हवी हेही, चौकट बसण्यापूर्वी, तिलाच विचारा.

टेकू काढण्याची घाई करू नका. साध्या सिमेंटसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून लांब असेल तर चौदा. सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवस टेकू राहावेत. राखेच्या सिमेंटला त्याहूनही जास्त. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या गावी न्यायच्या असतात, तो निकड लावतोच. म्हणून भाडे ठरवतानाच हे दिवस बोलून घ्या.

गिलाव्यापूर्वी भिंतीत गेलेल्या विजेच्या आणि पाण्याच्या नळ्यांची छायाचित्रे प्रत्येक खोलीत घेऊन ठेवा. खिशातला फोन एवढ्या कामाला पुरेसा आहे. पुढे खिळा ठोकताना ती उपयोगी पडतील. आणि रंगाची चर्चा सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, एक पिंपभर पाणी गच्चीवर ओता. ते कोणत्या कोपऱ्यात थांबते तेथे खडूने खूण करा आणि मिस्त्री गावात आहे तोवर उतार दुरुस्त करून घ्या.