पाळी, प्रभुभोजन आणि लेवीयचा पंधरावा अध्याय

“पाळीत प्रभुभोजन घ्यायचं नसतं, बायबलमध्येच लिहिलंय.” हे मी दृढीकरणाच्या वर्गातल्या मुलींकडून ऐकलंय, त्यांच्या आयांकडून ऐकलंय आणि, याचं जास्त वाईट वाटतं, पाळकांच्या तोंडूनही ऐकलंय. भाकर आणि प्याला मेजावर मांडलेला असतो, रांग पुढे सरकते आणि एखादी पंधरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बाकावरच बसून राहते. शेजारणीला कारण विचारावं लागत नाही.

आधार म्हणून लेवीयचा १५वा अध्याय पुढे केला जातो. तो सुरुवातीपासून वाचा. पहिल्या १८ वचनांत विषय पुरुषाच्या स्रावांचा आहे. वीर्यपात झालेल्या पुरुषाने आंघोळ करायची आणि तरीही संध्याकाळपर्यंत अशुद्धच राहायचं. पाळी येते ती १९व्या वचनात. अर्धा अध्याय गाळायचा आणि उरलेला मुलींना ऐकवायचा, ही कसली शास्त्रनिष्ठा?

शिवाय तिथली अशुद्धता म्हणजे पाप नव्हे. गणनाच्या १९व्या अध्यायाप्रमाणे प्रेताला हात लावणारा सात दिवस अशुद्ध. पण आईबापांना मूठमाती देणं हे तर कर्तव्यच होतं. बाळंतपणानंतरचं शुद्धीकरण मरियेनेही पाळलं, लूकच्या दुसऱ्या अध्यायात ते आहे. तिने कोणतं पाप केलं होतं? हे नियम निवासमंडप, याजक आणि बळी यांच्या व्यवस्थेतले होते. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी नेमकं काय पाळावं, हे यरुशलेमेच्या सभेत ठरलं (प्रेषितांची कृत्ये १५). मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म, एवढंच वर्ज्य सांगितलं. पाळीचा शब्द नाही.

मार्क ५ मधली बाई बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेली. गर्दीतून मागून येऊन ती येशूच्या वस्त्राला शिवते. येशू थांबतो, ‘कोण शिवलं’ म्हणून विचारतो, थरथरत पुढे आलेल्या तिला मुलगी म्हणतो आणि शांतीने जायला सांगतो. कुष्ठरोग्याला त्याने याजकाकडे पाठवलं होतं. हिला तेवढंही सांगितलं नाही.

यावर हमखास ‘अयोग्य रीतीने’ खाण्यापिण्याचा इशारा दाखवतात, १ करिंथ ११ मधला. तिथला राग कशावर आहे? सधन लोक आधीच जेवून घेत, काही जण झिंगत आणि गरीब उपाशी राहत, यावर. शरीरधर्माचा तिथे संबंधच नाही.

हा वाद जुना आहे. काही पौर्वात्य चर्चमध्ये पाळीत कम्युनियन टाळण्याची प्रथा आजही आहे. पण आठव्या शतकातला इतिहासकार बीड याने जपून ठेवलेल्या पत्रात पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडमधले मिशनरी ऑगस्टीन यांना स्पष्ट कळवलं होतं: अशा स्त्रीला चर्चमध्ये येण्यास किंवा कम्युनियन घेण्यास मनाई करू नये. आदरापोटी तिने स्वतःहून टाळलं, तर तेही स्तुत्यच. आपल्याकडे ही मनाई शास्त्रातून कमी आणि घरातल्या ‘बाजूला बसण्या’तून जास्त आली, असं माझं मत आहे. वचनाचा आधार नंतर शोधला गेला. पाळीत बायबलला शिवू नये म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्या मुलींनी आणि बायकांनीच छापलं.

पाळीखेरीज पवित्रतेबद्दल आणखीही काही गैरसमज आहेत. लग्न म्हणजे पवित्रतेत दुय्यम पायरी? इब्री १३:४ लग्नाला सन्मान देतं, आणि पेत्राला तर सासू होती. पवित्र जन म्हणजे निर्दोष माणसं? पौल करिंथच्या मंडळीला पवित्र जन म्हणतो आणि त्याच पत्रात त्यांच्या कोर्टकज्ज्यांवरून त्यांना झापतो. जगापासून दूर राहिलं की पवित्र? येशू जकातदारांच्या पंगतीला बसत असे. पवित्रता म्हणजे फक्त लैंगिक संयम? तो हवाच, १ थेस्सलनी ४ त्याबद्दल स्पष्ट आहे. पण ‘पवित्र व्हा’ या आज्ञेने सुरू होणाऱ्या लेवीय १९ मध्ये शेताचे कोपरे गरिबांसाठी न कापता सोडायला सांगितलंय, खोटी वजनं वापरायला बंदी आहे आणि मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवायलाही.